झोका नापास करून मिळण्याबाबत

४ फेब्रुवारी

चि. फाइलबाईंना काकांचा आशीर्वाद.

हे नाव तुला आवडत नाही हे माहीत आहे. पण पुतणी नगरपालिकेच्या मुख्य कचेरीत बसते आणि तिच्या टेबलावर खेळाच्या मैदानांच्या फायली असतात, तर काकाने दुसरं काय म्हणायचं?

फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तू "हो काका, बघते काका" म्हणतेस आणि मागे कुणीतरी "सही राहिली, सही राहिली" ओरडत असतं. कागद निदान टेबलावर पडून राहतो. त्यावर कुणी चहाचा कप ठेवला, तरी कप उचलताना तो दिसतो.

कामाचं बोलतो. आमच्या घरामागच्या मुलांच्या मैदानाची काल तुमच्या खात्याने वार्षिक तपासणी केली. तपासनीस आले, त्यांनी चष्मा पुसला, झोका एकदा ढकलला, घसरगुंडीवर हात फिरवला आणि शेरा मारला, "उत्तम". लागोपाठ तिसऱ्या वर्षी! शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण. दोन गेले ते कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही म्हणून. तो डबा माझ्याकडे येत नाही.

आणि असं असताना आमचा निधीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय. आम्ही काय राजवाडा मागितला होता? झोका वीस वर्षांचा झाला, त्याची एकदा कसून तपासणी करा आणि खालची जमीन फरशीसारखी टणक झाली आहे, तिथे वाळू टाका, एवढीच मागणी. पडलेल्या पोराचा गुडघा फुटतो. दर वर्षी पहिल्या नंबराने पास होणाऱ्याला तुमच्याकडे ही वागणूक? मग नापास होणाऱ्यांचं काय करता, फासावर देता?

तुझी काकू बरी आहे. तिचं म्हणणं, मी तुला ऑफिसच्या कामाचं लिहून त्रास देऊ नये. देतोय.

— काका


१० फेब्रुवारी

ती. काका,

वाकून नमस्कार. टेबलामागे बसून जेवढं वाकता येतं तेवढं.

तुम्ही विचारलंत नापास होणाऱ्यांचं काय करतो. काका, त्यांना आम्ही पैसे देतो. निधी दुरुस्तीचा आहे, बक्षिसाचा नाही. ठणठणीत माणसाला डॉक्टर औषध देत नाही, तसंच. यंदा एका मैदानातली घसरगुंडी मधोमध दुभंगली होती, त्यांना पूर्ण नवीन साहित्य मंजूर झालं. तुमच्या मैदानाचा अर्ज वाचून आमचे साहेब म्हणाले, "अठ्ठ्याण्णव गुण? माझ्या घराला पन्नास मिळणार नाहीत."

पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती तुम्ही शांतपणे वाचा. आधी पाणी प्या.

खात्याचा एक नियम आहे. ज्या मैदानाच्या साहित्याची तीन वर्षांत काहीच झीज आढळली नाही, ते मैदान "वापरात नाही" असं धरायचं. मुलं खेळली की काहीतरी झिजणारच, झिजलं नाही म्हणजे कुणी खेळत नाही, असा त्यामागचा हिशोब. साहेब तर म्हणाले, "पोरं खेळतात आणि एक नट ढिला होत नाही? मग ती पोरं नव्हेत, पुतळे आहेत." वापरात नसलेली मैदानं बंद करायची यादी झाली आहे आणि तिच्यात तुमचं पहिलं आहे. बाजाराला गाड्या लावायला जागा हवीये. तीस मार्चला बैठक आहे. त्या दिवशी शिक्का बसला की झोका भंगारात आणि मैदानावर पांढरे पट्टे.

मी खूप मिनतवाऱ्या करून एक फेरतपासणी मिळवली आहे, चोवीस मार्चला. हातोडी घेऊन फिरणाऱ्या एक तपासनीस बाई आहेत, त्या येतील. त्यांनी झीज लिहिली तर मैदान वाचेल आणि वर निधीही मिळेल. नाही लिहिली, तर माझ्या हातात काही उरणार नाही.

आता एक विचारते. शहरातले दोन वर्षांचे झोके मांजरांसारखे ओरडतात. तुमचा वीस वर्षांचा झोका गप्प कसा? काका, तुम्ही तिथे नक्की काय करता?

— तुमची (फाइलबाई नव्हे) पुतणी


१६ फेब्रुवारी

चि. फाइलबाई,

पाणी प्यायलो. दोन तांबे.

गाड्या! ज्या जागेवर मुलं धावतात तिथे गाड्या उभ्या करणार, आणि का, तर झोका चांगला आहे म्हणून! छापखान्यात बत्तीस वर्षं फिटरचं काम केलं, पण यंत्र नीट चालतंय म्हणून भंगारात काढणारा मालक बघितला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मैदानात मी काहीही करत नाही, हे आधी स्पष्ट लिहितो.

येता-जाता नजर टाकतो, एवढंच. आता नजर टाकताना साखळी कोरडी दिसली तर तेलाचे दोन थेंब सोडतो. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, माणुसकी म्हणतात. नट ढिला दिसला तर आवळतो. वॉशर गेलेला असेल तर घालतो, कारण वॉशरशिवाय नट आवळणं मला जमत नाही, झोप लागत नाही. कडी झिजली असेल तर बदलतो. घसरगुंडीची एक पायरी बदलली होती, पण त्याला तीन वर्षं झाली. दुसरी मागच्या वर्षी बदलली. रंग लावतो तो फक्त गंज धरू नये म्हणून. तोच हिरवा मिळावा यासाठी चार दुकानं फिरतो, याला तू काही करणं म्हणणार असशील तर म्हण.

तपासणीच्या आधी थोडं जास्त बघतो, हे कबूल. मोठे साहेब येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी यंत्र पुसून, तेल घालून, आरशासारखं करून ठेवायचो. तपासायला माणूस येणार आणि त्याला कुरकुरणारं यंत्र दाखवायचं? मला तर शरमेने मान खाली घालावी लागेल.

तेव्हा तू सांग, आता मी काय करू? मोडू म्हणतेस का? ते होणार नाही. या हातांनी आजवर एकही वस्तू मोडलेली नाही.

— काका

ता.क. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. खाली जागा रिकामी दिसली म्हणून मी काकू लिहिते. हे रोज दुपारी, मुलं शाळेत असताना, कुणी बघणार नाही अशा बेताने पिशवी घेऊन जातात. कुठे म्हणून विचारलं तर "भाजी आणतो". अकरा वर्षांत त्या पिशवीतून घरात एक कांदा आलेला नाही. माझ्या शिलाई मशीनचं तेल सगळं झोक्याला जातं आणि मशीन माझ्यावर ओरडतं. तपासणीच्या आधीचे आठ दिवस तर यांना जेवायला मैदानात जाऊन हाक मारावी लागते. तू जरा कडक लिही. माझं ऐकत नाहीत, पण तुझ्या पत्रावर शिक्का असतो.


२१ फेब्रुवारी

ती. काका,

पत्रावर मुद्दाम शिक्का मारून घेतला आहे. काकूला दाखवा.

हुकूम असा: आजपासून चोवीस मार्चपर्यंत मैदानातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. तेलाचा एक थेंबसुद्धा नाही. मोडायचंही काही नाही, ते मी सांगितलंही नव्हतं. फक्त जे होतंय ते होऊ द्यायचं. मुलांना लागेल असं काही दिसलं, तर झोका दोरीने वर बांधून टाकायचा आणि मला कळवायचं, बस.

काका, मी रागावलेली नाही. तुम्ही जे केलंत ते आमच्या खात्याने करायला हवं होतं. पण तुम्ही गुपचूप केलंत, त्यामुळे कागदावर काहीच घडलं नाही. आमच्याकडे कागदावर घडत नाही ते घडतच नाही.

एक महिना दम धरा. बिनकामाचा माणूस करतो ते सगळं करा, पेपर वाचा, शेजाऱ्यांच्या चुका काढा. पिशवी काकूकडे द्या.

— पुतणी


१२ मार्च

चि. बाळा, तुझ्या काकूचे आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तू म्हणालीस दम धरा. धरलाय, पण तो सगळ्या घराला लागलाय.

पिशवी माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे. पहिला आठवडा बरा गेला. मग झोका वाजायला लागला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळी चार ते सात स्वच्छ ऐकू येतो. जाताना "किर्र", येताना "कुंई". पहिल्या दिवशी हे हातातला घास तसाच ठेवून "डावी कडी" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून कानात कापूस घालून बसतात. मी काही विचारलं की "नाही, पुरे झालं" असं उत्तर येतं, मग मी विचारलेलं काहीही असो. परवा मी विचारलं, दिवा का लावला नाही? म्हणाले, "नाही, पुरे झालं."

हात शिवशिवतात म्हणून घरात सुरू झाले. आता घरातलं एकही दार वाजत नाही, त्यामुळे हे मागे येऊन उभे राहिले तरी कळत नाही. दचकून दोनदा दूध सांडलं. चांगला चालणारा पंखा दुरुस्त केला. आता त्याला दोनच वेग आहेत, बंद आणि वादळ. शेजारीण इस्त्री लपवून ठेवते. जिना चढताना एक वयस्क गृहस्थ "गुडघे फार वाजतात हो" म्हणाले, तर यांनी ज्या नजरेने त्या गुडघ्यांकडे बघितलं ना, मला भीतीच वाटली.

पण खरं सांगू? मैदानाला यांनी अजून हात लावलेला नाही. काल मी बाहेर बघितलं तर हे फाटकाबाहेर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, कुणीतरी बांधल्यासारखे. मैदान गेलं तर या माणसाचं काय होईल, या विचाराने माझा जीव वरखाली होतो. छापखाना सुटला तेव्हा सहा महिने भिंतीकडे बघत बसले होते. मग एक दिवस मैदानात गेले आणि संध्याकाळी घरी आले ते शीळ घालत. मी तेव्हापासूनच "भाजी" हा शब्द खरा मानत आले आहे.

मैदानाची अवस्था मात्र बघवत नाही. घसरगुंडीवर चिखल, चक्रीला गंज. त्यात परक्या बाई बघायला येणार. आपल्या गल्लीबद्दल काय म्हणतील? पण ते असो. तू म्हणालीस तसं चाललंय.

— काकू


२५ मार्च

चि. फाइलबाई,

काल फेरतपासणी झाली. आधी एक गोष्ट शपथेवर लिहितो, एक महिना मी तिथल्या एका नटाकडे वाकड्या डोळ्याने बघितलेलं नाही.

तपासनीस बाई दहाला आल्या. मी बाकावर बसलो होतो, हात मांड्यांखाली. मनात म्हटलं, आता झोका असा ओरडेल की बाईंचं पेन गळून पडेल. बाईंनी झोका ढकलला.

आवाज नाही.

आदल्या संध्याकाळपर्यंत त्या आवाजाने कुत्री गल्ली सोडून जात होती. मी उठून साखळी चाचपली, तर बोटाला तेल. वास घेतला. शिलाई मशीनचं! मागे वळलो तर फाटकाशी तुझी काकू उभी, ढगांकडे बघत. ढग नव्हतेच.

"हे काय केलंस?" म्हटलं.

"परकं माणूस येणार आणि एवढा आवाज! बरं दिसतं का?" म्हणाली. "आणि बंदी तुम्हाला होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

पहाटे उठून झोक्याला तेल घातलं होतं, घसरगुंडी धुतली होती, चक्री घासली होती. एवढंच नाही, कचऱ्याच्या डब्यावर आमच्या मोठ्या पातेल्याचं झाकण बसवलं होतं. म्हणजे ते दोन गुणही मिळणार. शंभरपैकी शंभर! एक महिना कानात कापूस घालून बसलो ते यासाठी?

बाईंनी वहीत "उ" काढला. पुढे "त्तम" येणार हे दिसत होतं. मग मी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. बाईंपुढे हात जोडले आणि म्हटलं, "बाई, माझं काम नापास करा."

बाईंनी पेन थांबवलं. म्हणाल्या, "नऊ वर्षं तपासणी करते आहे. पास करा म्हणून पाया पडणारे रोज भेटतात. तुम्ही कोण?"

सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पायऱ्यासुद्धा सांगितल्या. बाई म्हणाल्या, "पुरावा काय?" तेव्हा घरी धावत जाऊन पलंगाखालचा पत्र्याचा डबा आणला. छापखान्यात जुना भाग परत दिल्याशिवाय स्टोअरवाला नवा द्यायचा नाही. ती सवय मला सुटली नाही. झोक्याच्या झिजलेल्या कड्या, साखळीचे दुवे, बोल्ट, सगळं तारखेची चिठ्ठी बांधून ठेवत आलो होतो. मागायला कुणी येणार नव्हतं, तरी ठेवत होतो. बाईंनी एक कडी उजेडात धरली. मधे झिजून काडीएवढी झालेली. "ही मुलांनी झिजवली," त्या म्हणाल्या. "या मैदानात कुणी खेळत नाही असं कुणी लिहिलं?" मी म्हटलं, वरून लिहून येतं.

पत्र इथेच संपवायला मला आवडलं असतं.

मग बाईंनी पिशवीतून हातोडी काढली आणि झोक्याचे खांब खालपासून ठोकत गेल्या. पहिले तीन टणटणीत. चौथा "भद्द" म्हणाला. मी फिटर आहे, मला सांगावं लागलं नाही. आम्ही दोघांनी तिथली माती हाताने उकरली. जमिनीखाली वीतभर खांब उरलाच नव्हता. बाईंनी बोट लावलं आणि बोट आत गेलं.

बाळा, तो खांब मी दर वर्षी रंगवला. जमिनीपर्यंत नीट, ब्रशचा एक केस बाहेर न जाऊ देता. वरून हिरवागार ठेवला आणि खाली तो सडत होता. अकरा वर्षं झोका वाजू दिला नाही म्हणून मला केवढा अभिमान! तो खांब एखाद्या संध्याकाळी बसला असता आणि वर कुणाचं पोर असतं तर? रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. मी तपासनिसाला फसवत होतो असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण फसवलंच की. खालची सड दिसू नये एवढं चांगलं काम करून ठेवलं मी.

झोका तिथल्या तिथे वर बांधला. गाठ मीच मारली. बाईंनी "धोकादायक" लिहिलं आणि मी खाली साक्षीदार म्हणून सही केली. नापास झाल्याचा कागद असा दोन्ही हातांनी घेणारा मी पहिलाच असेन.

— काका

ता.क. झाकण परत आणलं. घासून घेतलंय. — काकू


२ एप्रिल

ती. काका आणि काकू,

मैदान राहिलं! आधी हे मोठ्याने वाचा, मग पुढचं.

बैठकीत तपासनीस बाईंनी तुमच्याकडून नेलेला डबा टेबलावर ओतला. साहेबांच्या चहात एक बोल्ट पडला. साहेबांनी तो चमच्याने काढला, चिठ्ठी वाचली, मग दुसऱ्या कडीची वाचली, मग चहा बाजूला सारून डबाभर चिठ्ठ्या वाचल्या. शेवटी म्हणाले, "हा माणूस आपल्या खात्यात का नाही?" कुणीतरी म्हणालं, "साहेब, तो असता तर आपलं खातंच लागलं नसतं." यादीतून मैदानाचं नाव कटलं. नवे झोके, खाली वाळू, आणि दर वर्षी हातोडीवाली तपासणी, एवढ्यासाठी निधी मंजूर झाला. शिवाय "उत्तम" मिळालेल्या बाकी सगळ्या मैदानांचे खांब आता खालून उकरून बघणार आहेत. पहिल्या दोन दिवसांतच आणखी दोन पोकळ निघाले. काका, हे तुमच्यामुळे झालं. फसवण्याचं मनात आणू नका.

फसवाफसवीचं मनात आणायचंच असेल तर माझं ऐका. "वापरात नाही" हे वरून लिहून आलेलं नव्हतं. ते मी लिहिलं. तुमच्या मैदानाची फाइल तीन वर्षं माझ्याच टेबलावर होती. झीज शून्य दिसली की शेवटच्या रकान्यात ते दोन शब्द भरायचे असतात, मी भरले. मैदान माझ्या काकांच्या घरामागे आहे, एक फोन केला असता तर कळलं असतं, पण फॉर्ममध्ये फोन करायचा रकाना नव्हता. यादी बाहेर आली तेव्हा माझं अक्षर बघून मला घाम फुटला. फेब्रुवारीत तुम्हाला हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून "नियम आहे, नियम आहे" करत बसले. रागवा.

आता एक अट. नव्या साहित्याला खात्याच्या माणसाशिवाय कुणीही हात लावायचा नाही. कुणीही म्हणजे कोण ते तुम्हाला कळलं असेल. त्याऐवजी तुम्हाला "पाहणी सदस्य" नेमलं आहे. बिनपगारी. रोज बघायचं, काही चुकीचं दिसलं तर झोका बांधायचा आणि लिहून कळवायचं, आम्ही माणूस पाठवू. बघायचं आणि लिहायचं. हात खिशात.

जमेल ना?

— पुतणी


९ ऑगस्ट

मा. फाइलबाई (हुद्दा तूच भर),

विषय: पाहणी अहवाल क्रमांक एक.

रागवायचं राहिलं होतं. रागावलो. संपलं. तू दोन शब्द लिहिलेस, मी अकरा वर्षं रंग लावला. तू कबुली तरी लवकर दिलीस.

नवे झोके जुलैत बसले. काम बरं आहे. मी केलं असतं तर, पण ते असो.

सत्तावीस जुलैला सकाळी डाव्या झोक्याचा वरचा नट दोन आटे बाहेर आलेला दिसला. माझ्या खिशात पाना होता. असतोच, चष्म्यासारखा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी काय केलं ते सांगतो. दांडा एकच म्हणून दोन्ही झोके वर बांधले, "बंद आहे" अशी पाटी अडकवली, घरी येऊन तुला पत्र लिहिलं, आणि जाऊन बाकावर बसलो. मुलं दोरी सोडतील म्हणून कुणीतरी बसायला हवंच होतं.

तुझा माणूस नवव्या दिवशी आला. नऊ दिवस! काकू बाकावर डबा आणून देत होती. नऊ दिवस प्रत्येक मूल येऊन विचारायचं, का बंद? मी सांगायचो, नट ढिला आहे. दुसरं मूल विचारायचं, मग आवळत का नाही? की मी आटे म्हणजे काय ते समजावत बसायचो. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी तिसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी बसून हे सगळं बाकीच्यांना स्वतःच सांगायला लागली. माझ्यापेक्षा बरं सांगते.

तुझा दुरुस्तीवाला आला तो डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, अंगात चमकणारं जाकीट, हातात तीन प्रतींत फॉर्म. सगळं होतं. फक्त एकोणीसचा पाना नव्हता. म्हणाला, "काका, तुमच्याकडे असेल का हो?" मी म्हटलं, साहित्याला हात लावायची मला मनाई आहे. तो म्हणाला, पाना साहित्यात येत नाही. मी दिला. त्याने आवळला. मी एवढंच म्हटलं, "अजून पाव फेरा." त्याने दिला. तुझी अट मोडलेली नाही, फॉर्मवर त्याची सही आहे.

साडेचारला दोरी सोडली. ती चिमुरडी आधी बसली.

मी इतकी वर्षं दुपारी जायचो, मैदान रिकामं असताना. रिकामा झोका ढकलायचा, कान लावायचा, आवाज नाही ना बघायचं, की काम झालं. संध्याकाळी खिडकीतून आवाज यायचा तोही मी झोक्याचाच ऐकला, पोरांचा कधी ऐकला नाही. वर मूल बसलेला झोका मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला, बाळा. किती वर जातात ती! मला माहीतच नव्हतं. आणि वर गेल्यावर एक क्षण साखळी सैल होते, तेव्हा ती सगळी ओरडतात, भीतीने नाही.

तुझ्या फॉर्ममध्ये किती मुलं खेळली याचा रकाना नाही. मी पट्टी धरून एक आखून घेतला आहे. त्यात लिहिलंय: पाच वाजेपर्यंत एकवीस. त्यानंतरचा आकडा कच्चा धरावा, डोळ्यांत पाणी आलं होतं.

— काका